कापूस इथला, गिरणी गेली, जमीन उरली: धाडच्या पऱ्हाटीपासून एम्प्रेस मिलपर्यंत

आजचा थ्रेड लांब आहे; सवडीने वाचा. सुरुवात करू बुलढाणा जिल्ह्यातील धाडपासून.

बुलढाण्याची माणसे आपल्या जिल्ह्याचे दोन भाग करतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. धाड घाटावर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर आहे. पलीकडे जालना जिल्ह्याचा भोकरदन तालुका लागतो, म्हणजे जुना निजामी मुलुख. अलीकडे वऱ्हाड. वेचणीच्या दिवसांत या रस्त्यावरून कापसाने भरलेली वाहने जातात आणि बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकून राहतात. कापूस इथे पिकतो, जवळपासच्या जिनात त्यातली सरकी निघते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. त्यानंतर गाठी जिल्ह्याबाहेर जातात आणि परत येते ते कापड.

ही वाट कोणी आखली? आणि ज्या गावांत, शहरांत एकेकाळी या रुईचे सूत होत असे, तिथल्या गिरण्या थंडावल्यावर त्यांच्या भवितव्याचे नियोजन कोणी केले, कशाचे केले? आजचा विषय एवढाच आहे. त्यासाठी आधी अमेरिकेत डोकवावे लागेल.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मेरिमॅक नदीकाठी लॉवेल नावाचे शहर आहे. १८२६ मध्ये ते अस्तित्वात आले तेच मुळी गिरण्यांसाठी. नदीचे पाणी कालव्यांत वळवून त्या प्रवाहावर चात्या आणि माग फिरवायचे, अशी आखणी करूनच ते वसवले होते. त्याला लागणारा कापूस दक्षिणेतील गुलामांच्या श्रमातून येत असे. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेकडे व इंग्लंडकडे जाणारा कापूस अडला. लॉवेलच्या कित्येक मालकांनी हाताशी असलेला कापूस चढ्या भावाने विकून टाकला आणि गिरण्यांना कुलूप लावले. लँकेशायरमध्ये लाखो कामगार बेकार झाले. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची नजर जगभर कापूस शोधू लागली, आणि ती वऱ्हाडावर येऊन थांबली.

वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात येऊन दहा वर्षेही झाली नव्हती. निजामाकडील फौजेच्या खर्चाची थकबाकी या सबबीखाली १८५३ च्या तहाने तो प्रांत कंपनीकडे सोपवला गेला होता. काळी कसदार जमीन, पिढ्यान्पिढ्यांची पऱ्हाटी आणि आता मुंबईहून पुढे सरकणारी लोहमार्गाची फाटी. १८६७ पर्यंत भुसावळ, अकोला, बडनेरा असे टप्पे घेत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोहोचली. खामगाव हे वऱ्हाडातील कापसाचे सर्वांत मोठे पेठेचे गाव मुख्य मार्गापासून थोडे आत राहिले, म्हणून जलंबपासून खास फाटा काढला गेला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला खामगावात आले. बुलढाण्यासारख्या आडबाजूच्या जिल्ह्यात व्हाइसरॉयने यावे, ते केवळ कापसापायी. (घाटावरच्या भागाला मात्र आजतागायत रेल्वे नाही. जालना-खामगाव मार्गाची मागणी शतकभर जुनी म्हणून सांगितली जाते.)

हे सगळे नियोजनच होते. पण वऱ्हाडच्या विकासाचे नव्हे. रूळ, बाजार, तारयंत्र, कापूस आयुक्ताचे कार्यालय, या सर्वांचा रोख गाठी मुंबईच्या गोदीपर्यंत लवकर पोहोचाव्यात इतकाच होता. ज्वारीची शेते कापसाखाली गेली. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याला लोक छपन्नचा दुष्काळ म्हणतात, वऱ्हाडात माणसे मोठ्या संख्येने मेली. रेल्वेने बाहेरून धान्य येत होते, पण ते विकत घ्यायला हाती पैसा नव्हता. नगदी पिकाची दुसरी बाजू ती ही.

याच काळात एका माणसाने गाठींच्या प्रवाहाला वाटेतच अडवायचे ठरवले.

जमशेटजी टाटा. मुंबईत चिंचपोकळीला १८६९ मध्ये एक बंद पडलेली तेलगिरणी घेऊन त्यांनी तिची कापडगिरणी केली होती आणि थोड्याच काळात नफ्यात विकून टाकली होती. पुढची गिरणी ते मुंबईतच काढतील अशी सर्वांची अपेक्षा होती. त्यांनी नागपूर निवडले. हिशेब असा: कापूस भोवताली पिकतो, कोळसा वरोऱ्याच्या खाणीतून मिळेल, रेल्वे दारात आली आहे, आणि हातमागाचा जुना व्यवसाय असल्यामुळे सुताला गिऱ्हाईक गावातच आहे. १८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भांडवलावर सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. जुम्मा तलावाकाठची, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळची, दलदलीची जमीन घेतली गेली आणि भराव घालून ती उंचावण्यात आली.

टाटांच्या चरित्रांत एक गोष्ट नेहमी येते. भांडवल मागायला गेल्यावर नागपुरातील एका सावकाराने हात आखडता घेतला. हा गृहस्थ खड्ड्यात सोने पुरतो आहे, असे त्याचे मत पडले. पुढे गिरणी भरभराटीला आल्यावर त्याच सावकाराने कबुली दिली, की याने माती पुरली आणि सोने काढले. गोष्ट थोडी घोटीव वाटते, पण त्या जमिनीकडे ध्यान असू द्या. सव्वाशे वर्षांनी तिथे पुन्हा सोने सापडणार आहे, अगदी वेगळ्या अर्थाने.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले. त्याच दिवशी नागपुरात ही गिरणी सुरू झाली आणि तिला नाव मिळाले ‘एम्प्रेस’. आरंभी सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग होते. व्यवस्थापक नेमले बेझनजी दादाभाई मेहता. ते गिरणीतले नव्हते, रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले होते. आज ही निवड विचित्र वाटेल, पण गाठी, कोळसा आणि कापड यांची ने-आण हाच धंद्याचा कणा होता, हे ध्यानात घेतले की ती उमगते.

सुरुवात चांगली झाली नाही. स्वस्तात घेतलेली यंत्रे नडली, सूत हलके निघू लागले. जमशेटजींनी चूक मान्य करून यंत्रे बदलली. १८८३ च्या सुमारास ‘रिंग’ पद्धतीच्या चात्या त्यांनी नागपुरात चालवून पाहिल्या, तेव्हा लँकेशायरचे जाणते कारखानदारही त्यांच्याविषयी साशंक होते. कामगारांचा प्रश्न त्याहून अवघड होता. पेरणी आली, कापणी आली, घरी लग्न निघाले, की खाती ओस पडत. शिपाई आणि मुकादम यांच्या धाकावर मुंबईत जे साधले जाई, ते इथे साधेना. तेव्हा वेळेवर येणाऱ्यांना बक्षिसे, मग निवृत्तिवेतनाचा निधी (१८८६), मग अपघाताची भरपाई (१८९५), असे उपाय योजले गेले. कायद्याने कामगार-भरपाई हिंदुस्थानात १९२३ साली आली. यात दया किती आणि धंद्याचा हिशेब किती, हा वाद घालता येईल. माझ्या मते हिशेब अधिक होता, आणि म्हणूनच तो टिकला.

आता इथे जरा रेंगाळू, कारण पुढचे सगळे या एका मुद्द्यावर उभे आहे. गिरणीने नागपुरात काय निर्माण केले? सूत आणि कापड हे पहिले उत्तर. दुसरे उत्तर आहे सराव झालेले हात. तुटलेला धागा चालत्या यंत्रावर जोडणारे, मागाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारे, चातीचा वेग आणि रुईची लांबी यांचे नाते बोटांना ठाऊक असलेले लोक. विदर्भात कोष्टी समाज विणकाम करी, आणि जाडेभरडे कापड विणण्याचा महार समाजाचाही परंपरागत व्यवसाय होता. गिरणीच्या स्वस्त कापडाने हातमाग मोडीत काढले आणि त्याच विणकरांतून अनेकांना गिरणीने पगारावर घेतले. पगार ठरलेल्या तारखेला हाती पडे. त्यातून खोली झाली, मुलाची शाळा झाली, वर्गणी भरून संघटना झाली. रामभाऊ रुईकरांसारख्या नेत्यांनी नागपुरात गिरणी कामगारांची चळवळ उभारली. पुढच्या नागपूरच्या राजकीय आणि सामाजिक इतिहासामागे, त्यात आंबेडकरी चळवळही आली, या पगारदार वस्त्यांचे बळ होते. उत्तर नागपुरातील बेझनबाग ही वस्ती एम्प्रेसच्या कामगारांसाठी वसलेली. तिच्या नावात ते रेल्वेतून आलेले बेझनजी अजून आहेत.

नागपूरच्या पाठोपाठ विदर्भात हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अकोला, अचलपूर इथे गिरण्या आल्या. भोंग्यावर घड्याळ लावणारी गावे. बुलढाणा जिल्हा या मालिकेत नाही. खामगाव, मलकापूर, शेगाव इथे जिन आणि प्रेस झाले, पण मोठ्या कापडगिरण्यांची गावे पूर्वेला राहिली. असे का? उत्तर कापसातच आहे.

एक क्विंटल कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे जिनात शिरताना जेवढे वजन असते, त्याचा एक तृतीयांश भागच गाठ होऊन बाहेर पडतो. सरकीचे ओझे शेकडो मैल वाहून नेणे परवडत नाही, म्हणून जिन शेताजवळच हवा. पण एकदा रुई झाली, की सूत होताना तिचे वजन फारसे घटत नाही. १७० किलोची गाठ नागपुरात काता, मुंबईत काता, नाहीतर हजार किलोमीटरवर काता. वाहतुकीचा फरक किरकोळ. उद्योग कुठे वसतात याचा सिद्धांत जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये मांडला, त्याचे सार हेच: कच्च्या मालाचे वजन प्रक्रियेत खूप घटत असेल तरच उद्योग कच्च्या मालाला बांधलेला राहतो. जिन कापसाला बांधलेला आहे. गिरणी नाही. धाडच्या आसपास जिन टिकले आणि सूत दुसरीकडे गेले, याचे गूढ इथे उकलते. ‘कापूस आमचा, मग गिरणी का नाही?’ हा प्रश्न आपल्याकडे हक्काच्या भाषेत विचारला जातो. हक्काची बाजू खरी आहे, पण निव्वळ कापूस जवळ असणे हे गिरणीसाठी पुरेसे कारण कधीच नव्हते. जमशेटजींच्या हिशेबातही कोळसा, रेल्वे आणि गिऱ्हाईक अशा आणखी तीन गोष्टी होत्या.

त्या तिन्ही गोष्टींचे महत्त्व विसाव्या शतकात ओसरत गेले. वीज आली, तशी कोळशाची सलगी संपली. वरोऱ्याची खाण तर १९०६ मध्येच बंद झाली होती. स्वातंत्र्यानंतर हातमागाला आधार द्यायचा म्हणून १९५६ पासून गिरण्यांच्या मागांच्या वाढीला लगाम घातला गेला. हेतू चांगला होता. पण मोकळी झालेली जागा हातमागाने घेतली नाही, यंत्रमागाने घेतली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथल्या छोट्या शेडमध्ये चार-आठ माग चालवणाऱ्याला गिरणीसारखे करही नव्हते आणि कामगार कायद्यांचा जाचही नव्हता. गिरण्यांची यंत्रे म्हातारी झाली, नफा दुसरीकडे वळवला गेला. १९७४ मध्ये संसदेने कायदा करून १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण केले आणि त्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे सोपवल्या. १९८२ चा मुंबईचा संप सर्वांना ठाऊक आहे. पण संपाने गिरण्या मारल्या हे सोपे उत्तर नागपूरला लावून पाहा. तिथे दत्ता सामंतांचा संप नव्हता आणि तरीही १९८६ मध्ये टाटांनी एम्प्रेस सोडली. कामगारांचा रोजगार वाचावा म्हणून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाने ती चालवायला घेतली. २००२ मध्ये भोंगा कायमचा थांबला.

मग नियोजन सुरू झाले. कशाचे? जमिनीचे.

एम्प्रेसची जागा विकली गेली. शहराच्या मध्यावर, तलावाच्या काठी, एकसंध भूखंड. तिथे ‘एम्प्रेस सिटी’ नावाचे संकुल आणि मॉल उभा राहिला. पाहा, सम्राज्ञीचे नाव तेवढे राहिले. सावकाराची गोष्ट इथे पूर्ण होते: माती पुरून सव्वाशे वर्षे सूत काढले, आणि शेवटी मातीच सुतापेक्षा महाग ठरली. एखादे शहर बदलते, जुन्या इमारती जातात, याबद्दल हळहळण्यात मला रस नाही. मॉललाही कामगार लागतात. प्रश्न वेगळा आहे. गिरणी बंद होताना जे सरावलेले हात मोकळे झाले, त्यांचे काय करायचे, याचा आराखडा जमिनीच्या आराखड्याइतक्या बारकाईने कोणी केला का? स्वेच्छानिवृत्तीचा धनादेश हे त्याचे उत्तर होते. तो खर्च झाला की कथा संपली.

हेच मोठ्या पटावर मुंबईत घडले, आणि तिथे तर ते लिखित नियमात दिसते म्हणून अभ्यासाला सोपे आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन वाटे: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. कागदावर इतका न्याय्य नियम क्वचित दिसतो. मालकांनी त्यातली फट हेरली. जुनी इमारत पाडलीच नाही, आतून बदलली, तर वाटणी करावी लागत नव्हती. म्हणून गिरणीच्या शेडमध्येच दुकाने आणि करमणुकीची केंद्रे थाटली गेली. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या गटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा मांडला: तुकड्यातुकड्यांनी विकू नका, सलग मोकळ्या जागा, रस्ते आणि घरे यांचा एकच विचार करा. तो बाजूला पडला. २००१ मध्ये नियम बदलून वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. शहराच्या आणि घरांच्या वाट्याला जे येणार होते ते आक्रसले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बदलाच्या विरोधात कौल दिला, तर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. कामगारांच्या घरांसाठी दीड लाखांहून अधिक अर्ज आले. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली, २०१६ मध्ये २,६३४, आणि २०२० मध्ये ३,८९४. बेरीज करा आणि दीड लाखाशी ताडून पाहा.

ध्यानात घ्या, या पंधरा-वीस वर्षांच्या वादात जमीन होती, चटईक्षेत्र होते, घरे होती. कामाचा उल्लेख पहिल्या काही वर्षांनंतर मागे पडला तो पडलाच.

याच्या उलट दिशेचा एक प्रयोग विदर्भात झाला, आणि तो मला मुंबईच्या कथेपेक्षा अधिक बोलका वाटतो. अचलपूरला विदर्भ मिल होती, तीही राष्ट्रीयीकृत. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ गाडी एकेकाळी या टापूतला कापूस वाहत असे. मुंबईतल्या फिनले मिलच्या नावाने २०१० च्या सुमारास अचलपूरमध्ये नव्या यंत्रांची गिरणी सुरू करण्यात आली. जमीन विकण्याऐवजी काम परत आणणारा हा दुर्मीळ निर्णय होता. शेकडो घरांत पगार येऊ लागला. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि महामंडळाच्या देशभरातील २३ गिरण्यांसह फिनलेची यंत्रेही थांबली. टाळेबंदी उठली. यंत्रे सुरू झाली नाहीत. कामगारांची आंदोलने झाली, निवेदने गेली. एकाच मालकाच्या एकाच गिरणीवर गाव टेकवले, की दूरच्या कार्यालयातला एक निर्णय संपूर्ण गावाचा पगार थांबवू शकतो. गिरणी परत आणणे म्हणजे गिरणगाव परत आणणे नव्हे, हे अचलपूरने शिकवले.

मग कुठे काही जमले का? दोन उदाहरणे घेऊ. एक जवळचे, एक सुरुवातीला भेटलेले.

इचलकरंजीच्या शिवारात धाडसारखी पऱ्हाटी नाही, ऊस आहे. वेबरच्या सिद्धांताची ही जिवंत साक्ष. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी तिथे पहिला यंत्रमाग सुरू केला. संस्थानचे जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचे त्या काळच्या उद्योगांना पाठबळ होते. तिथून पुढे मोठी एक गिरणी उभी राहण्याऐवजी शेकडो छोटे मागवाले, त्यांचे जुळारी, त्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉप, सूत उधारीवर देणारे व्यापारी, सहकारी सूतगिरणी, आणि १९८२ पासून वस्त्रोद्योगाचे शिक्षण देणारी डीकेटीई संस्था, असे जाळे विणले गेले. इचलकरंजीही अडचणीत येते. वीजदर, सुताचे भाव, मजुरी, यांवरून तिथे सतत ताण असतो. तिथल्या मागांवरच्या कामगारांचे जिणे काही हेवा वाटावा असे नाही. पण एक मालक गेला म्हणून सारे गाव बंद पडत नाही.

दुसरे लॉवेल. १९२० च्या दशकात तिथल्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेकडे सरकू लागल्या, आणि १९५० च्या दशकात उरलेल्या मोठ्या गिरण्याही मिटल्या. ओसाड विटांच्या इमारती, बेकारी. १९७८ मध्ये त्या इमारती आणि कालवे मिळून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान करण्यात आले. जुन्या गिरणीत माग चालू ठेवून पर्यटकांना तो आवाज ऐकवतात. जगभरचे नियोजनकार लॉवेल पाहायला जाऊ लागले. त्याच सुमारास वांग नावाच्या संगणक कंपनीने तिथे मोठी कार्यालये उभारली आणि सर्वांना वाटले, शहर सावरले. १९९२ मध्ये वांगने दिवाळखोरी जाहीर केली. एका मालकावर टेकण्याचा धडा लॉवेलला दुसऱ्यांदा मिळाला. या पडझडीत टिकून वाढत राहिलेली संस्था मात्र वेगळीच आहे. १८९५ मध्ये गिरण्यांसाठी कसबी माणसे घडवायला तिथे टेक्सटाइल स्कूल स्थापन झाले होते. गिरण्या गेल्या, शाळेने विषय बदलले, दुसऱ्या महाविद्यालयाशी ती जोडली गेली, आणि १९९१ पासून ती मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा भाग आहे. गिरणीसाठी काढलेली शाळा गिरणीपेक्षा दीर्घायुषी ठरली.

विदर्भात नियोजन झालेच नाही असे म्हणता येत नाही. १९७२ पासून राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना चालवली. शेतकऱ्याचा कापूस सरकारी यंत्रणाच घेई, जिनिंग-प्रेसिंग करून गाठी विके. तीसेक वर्षे ती चालली, शेवटी तोट्याखाली मोडली. भावाची हमी हा तिचा गाभा होता आणि काही काळ तिचा आधारही वाटला. पण ती थांबे गाठीवर. लॉर्ड मेयोच्या फाट्याप्रमाणेच. सहकारी सूतगिरण्या निघाल्या, त्यांतल्या अनेक लवकरच कर्जात बुडाल्या. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा प्रादेशिक अनुशेष ३,१८६ कोटींहून अधिक काढला, आणि त्यातला सुमारे ३९ टक्के विदर्भाचा होता. सिंचन, रस्ते, शाळा, वीज असा क्षेत्रवार अनुशेष मोजण्याची ती पद्धत शिस्तशीर होती. मी तिला कमी लेखत नाही. पण बंद पडलेल्या खात्यातून बाहेर पडलेल्या जॉबरचे, जुळाऱ्याचे, विणकराचे कसब कोणत्या रकान्यात भरायचे? तो रकाना नव्हता.

आता ताजा अध्याय. केंद्राच्या पीएम मित्र योजनेत देशात सात वस्त्रोद्योग उद्याने ठरली, त्यांपैकी महाराष्ट्रातले अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे, सुमारे १,०२० एकरांवर. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यात पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. शेत ते धागा, धागा ते कारखाना, तिथून फॅशन आणि परदेश, अशी पाच टप्प्यांची साखळी एकाच जागी आणण्याची कल्पना आहे. ती एका गिरणीपेक्षा निश्चितच व्यापक आहे, आणि अनेक उद्योजक एकाच आवारात असतील तर अचलपूरसारखी अवस्था टळू शकते. या उद्यानाची बातमी वाचताना मी आधी एकर आणि कोटी शोधत असे. हल्ली दुसरे काही शोधतो: आवारात सुट्या भागांची छोटी वर्कशॉप किती, स्थानिक तरुणाला जुळारी किंवा डिझायनर होण्यासाठी कुठे शिकता येईल, आणि कंत्राटी किती, कायम किती.

नांदगाव पेठ धाडपासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. रुईच्या गाठीला त्याचे काही वाटत नाही. एका रात्रीत ट्रक पोहोचतो. ज्याला तिथे काम हवे आहे, त्या घाटावरच्या पोराला आधी बुलढाणा, मग खामगाव, मग रेल्वे गाठावी लागते.

तुमच्या गावात बंद गिरणी, जिन किंवा प्रेस असेल तर प्रतिसादात कळवा: कधी बंद झाली, जागेवर आज काय आहे. आणि तिथे काम केलेले कोणी घरात असेल, तर त्यांना विचारून हेही लिहा, की ते कोणत्या खात्यात होते आणि गिरणी सुटल्यावर त्या हातांनी पुढे काय केले.